रोप नको, आधी खड्डा दाखवा

जून लागला की शहरात चौकाचौकांत मांडव पडतात. हिरव्या जाळीखाली टेबलं, टेबलांवर काळ्या पिशव्यांतली रोपं, मागे भला मोठा फ्लेक्स, पुढे रांग. आंबा पहिल्या अर्ध्या तासात संपतो, मग पेरू, मग जांभूळ. शेवटी उरलेली सीताफळं 'घ्या हो, दोन न्या' म्हणत लोकांच्या हातात कोंबली जातात. दुपारपर्यंत पाचशे रोपं गेलेली असतात, फोटो निघालेले असतात. त्यातली किती दिवाळीला मातीत उभी होती, हे कुणी मोजत नाही. कार्यक्रमाचं नावच 'मोफत रोपवाटप' असतं आणि वाटप तर चोख झालेलं असतं.

रहिवाशांना फळझाडं फुकट द्यावीत का? द्यावीत, आणि जरूर सार्वजनिक पैशातून द्यावीत. सावली, पाखरं, मुलांच्या तोंडी पडणारं फळ यांवर पालिकेचा पैसा गेला तर तो वाया गेला असं कुणी म्हणू नये. आक्षेप आहे तो वाटपाच्या रीतीला. झाड वाढवण्याच्या सगळ्या खर्चात रोप हा सगळ्यात किरकोळ भाग. जागा, खड्डा, माती आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांचं पाणी हा खरा खर्च, आणि नेमका तोच आपण घेणाऱ्याच्या माथी न सांगता मारतो. म्हणून मागणी एवढीच की रोपासाठी रांग लावू नका. उन्हाळ्यात नावं घ्या, मे महिन्यात खड्डा पाहा, पावसात कलम द्या आणि हिशेब पुढच्या जूनला करा. पाचशेऐवजी साठच झाडं गेली तरी चालेल.

ही रीत काही परदेशातून आणायची नाही. महाराष्ट्रातच १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडून शेतकऱ्यांना फळबागेसाठी अनुदान मिळू लागलं आणि कोकणातल्या कातळापासून सोलापूरच्या माळापर्यंत आंबा, काजू, डाळिंब, बोर यांच्या बागा उभ्या राहिल्या. २०१८ साली आलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळतं, आणि पुढचे हप्ते झाडं जगल्याचं पाहून सुटतात. म्हणजे शेतकऱ्याला सरकार म्हणतं की झाड दाखव, मग पैसे घे. शहरात मात्र पिशवी हातात दिली की सरकारी काम संपलं. वनमहोत्सव १९५० साली त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला, तेव्हापासून आपली मोजणी 'लावली किती' यावरच अडकली आहे. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेची उद्दिष्टं २०१६ साली २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी अशी चढत गेली. त्या आकड्यांच्या ओघात गल्लीतल्या वाटपालाही 'यंदा हजार' म्हणायची हौस येणारच.

हजाराची हौस आली की पहिला बळी जातो कलमाचा. बियांपासून केलेलं रोप दहा-वीस रुपयांत पडतं, चांगलं कलम शंभराच्या घरात जातं. बजेट तेच ठेवून आकडा फुगवायचा तर कोयीची रोपंच आणावी लागतात. कोयीचा आंबा फळाला यायला आठ-दहा वर्षं घेतो आणि फळ आईसारखं निघेल याची हमी नाही. कोय कलम, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर चांगल्या जातीची काडी बांधून केलेलं कलम, तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहरतं. फणस, जांभूळ, चिकू यांचंही थोडंफार असंच. सगळीच बियांची रोपं टाकाऊ असतात असं मात्र नाही, आणि हे वाटणाऱ्यांना ठाऊक असायला हवं. कागदी लिंबाची बियांची रोपं बहुतेक आईच्याच वळणावर जातात, सीताफळही बियांपासून बरं येतं. तिथे कलमाला जादा पैसे घालायची गरज नाही. शेवगा आणि तुती तर छाटलेल्या फांदीवर फुटतात. एका जुन्या झाडावर अख्खी गल्ली भागते.

कोकमाची गोष्ट याहून मजेशीर. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळतं पाच-सात वर्षांनी, फुलं आल्यावर. म्हणजे ज्याच्या अंगणात जागा एका झाडाची, त्याला बियांचं कोकम देणं म्हणजे नाणं उडवणं. तिथे मादी झाडावरून केलेलं कलमच हवं, आणि परागासाठी आसपास एखादं नर झाड असलेलं बरं. आवळ्याची अडचण निराळी. एकाच जातीचा आवळा स्वतःच्या परागावर नीट धरत नाही. एका सोसायटीला एकच आवळा दिला तर तो फुलेल, पानोळा दिसेल छान, आणि फळांच्या नावाने चार-दोन. एनए-७ या जातीबरोबर कृष्णा किंवा कांचन अशा दुसऱ्या जातीची जोडी हवी. जोडीला जागा नसेल तर शेजारच्या सोसायटीत दुसरी जात द्यावी. वाटपाच्या यादीत पत्त्यांचा नकाशा लागतो तो यासाठी.

हापूसबद्दल बोललं तर लोक रागावतात, पण बोललंच पाहिजे. पुणे, नाशिक, नागपूर इथल्या रांगेत प्रत्येकाला हापूस हवा असतो आणि नगरसेवकालाही तोच द्यायचा असतो. हापूस समुद्राकाठच्या हवेचा लाडावलेला. घाटावर केशर बरा चालतो. जागा खरोखर थोडी असेल तर दशहरी आणि नीलमच्या संकरातून आलेली आम्रपाली ठेंगणी राहते. बागेत ती अडीच मीटरवर लावतात, जिथे जुन्या पद्धतीच्या आंब्याला दहा मीटर सोडावे लागतात. गोव्यात कुणी मानकुराद सोडून हापूस मागितला तर तो त्याचा प्रश्न.

शहरातल्या सोसायटीत झाडाला मिळते ती बहुधा इमारत आणि कुंपण यांच्यामधली तीन मीटरची पट्टी. तिच्यात ड्रेनेजची लाइन, पाण्याचा पाइप, विजेची केबल, वर पार्किंग. इथे जांभूळ देणं हा शुद्ध अविचार. जांभूळ सरळ तिसऱ्या मजल्यावर जातं, जूनमध्ये गाड्यांवर जांभळा सडा घालतं, आणि मग सोसायटीच्या सभेत ठराव होतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून लोक काय करतात? फांद्या बुंध्यापाशी खरवडतात, बुंध्याभोवती काँक्रीट ओततात, क्वचित मुळाशी काहीबाही ओततात. चुकीच्या जागी दिलेलं फुकटचं झाड म्हणजे पंधरा वर्षांनी उभं राहणारं भांडण. तीन मीटरच्या पट्टीला पेरू, लिंबू, सीताफळ, डाळिंब, अंजीर, तुती हीच मंडळी शोभतात. पेरू दर वर्षी छाटून दोन-सव्वादोन मीटरवर राखता येतो, कारण तो नव्या फुटीवर फळतो. हात पुरतो तिथे फळ येतं, वर चढायला नको. सरदार पेरूची, म्हणजे लखनौ-४९ ची, निवडही पुण्याच्या गणेशखिंडीतच झाली. पुणेकरांना दुसरं काही द्यायचं कारण नाही. कुंपणाला करवंदाची रांग लावावी. काटे चोरांना, फळं मुलांना. आंबा, फणस, जांभूळ हे शाळेच्या मैदानाला, उद्यानाला, गावठाणातल्या मोठ्या परड्याला द्यावेत. तिथे ते शंभर वर्षं राहतील.

आता खड्ड्याकडे येऊ, कारण सगळं त्याच्यावर आहे.

पेरू, लिंबू, सीताफळाला ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल खड्डा हवा. आंब्याला एक मीटरचा. एप्रिलमध्ये खणून उन्हात महिनाभर तापू द्यायचा. कागदावर ६० सेंटिमीटर हलकं वाटतं, पण ती पंधरा-सोळा घमेली माती असते, आणि शहरात ती माती नसतेच. वरच्या वीतभर लाल मातीखाली बिल्डरने पुरलेला राडारोडा निघतो: विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीच्या कपच्या, एखादी गोणी. या भरावात पाणी टिकत नाही, आणि सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होऊन झाडाला लोह मिळत नाही. लिंबाचं नवं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते यामुळे. त्यावर लोक युरिया टाकतात आणि पान आणखी फिकं होतं. खड्ड्यातली चिमूटभर माती वाटीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर खड्ड्यातला सगळा माल बाहेर काढून गाळाची किंवा पोयट्याची माती आणावी लागेल. ती माती पालिकेने द्यावी. रोपापेक्षा ती महाग पडेल, आणि तिथेच खर्च केला पाहिजे.

दुसरी चाचणी पाण्याची. रिकाम्या खड्ड्यात संध्याकाळी दोन-तीन बादल्या ओता. सकाळी पाणी तसंच उभं असेल तर खाली कोबा किंवा मुरमाचा दाबलेला थर आहे. तो पहारीने फुटला तर ठीक, नाहीतर तिथे पपई आणि लिंबू लावू नका. मुळं कुजून एका पावसाळ्यात बसतील. उंचवट्यावर पेरू कदाचित तग धरेल.

तिसरी गोष्ट उन्हाची, आणि इथे जाणते लोकही फसतात. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर असतो, त्यामुळे दोन इमारतींमधल्या फटीतही दुपारी लख्ख ऊन पडतं. पाहणीला आलेला माणूस 'ऊन भरपूर' असं लिहून जातो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि दक्षिणेकडच्या इमारतीची सावली दिवसभर त्या खड्ड्यावर बसते. पेरू-लिंबाला पाच-सहा तास ऊन नसेल तर झाड वाढतं, लांबतं, पण फळत नाही. म्हणून पाहणीच्या अर्जात एक प्रश्न हवाच: थंडीत कपडे वाळत घालायला इथे ऊन येतं का? घरातल्या बाईला किंवा वॉचमनला विचारा, उत्तर लगेच मिळतं.

खड्डा भरताना तळाशी वाळका पालापाचोळा, मग दोन घमेली कुजलेलं शेणखत, अर्धा-एक किलो निंबोळी पेंड, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि बाकी चांगली माती असं मिसळून, जमिनीपासून वीतभर वर येईल इतकं भरायचं. पावसात ते बसतं. बरोबरीने भरलं तर ऑगस्टमध्ये खळगा होतो, त्यात पाणी साचतं आणि कलम बुडतं. शेणखत कच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवीला आमंत्रण.

वाटपाची तारीख ५ जून हा आणखी एक हट्ट. पर्यावरण दिन जगभर त्या दिवशी असेल, पण मान्सूनची मुंबईत पोचण्याची सर्वसाधारण तारीखच ११ जून आहे, विदर्भात त्याहून उशिरा. पाच तारखेला दिलेलं रोप आठवडा-पंधरवडा बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीजवळ पडतं, आणि पाऊस येईपर्यंत त्याचा मुळांचा गोळा सुटलेला असतो. दोन चांगले पाऊस होऊन खड्डा आतपर्यंत ओला झाला की द्या, तारीख पंचांगाने नको.

कलम कुठून घेतलं हेही महत्त्वाचं. फळरोपवाटिकांना परवाना लागतो, त्यासाठी १९६९ चा कायदा आहे. शासनमान्य रोपवाटिकेतूनच किंवा राहुरी, दापोली, परभणी, अकोला इथल्या कृषी विद्यापीठांकडून घ्यावं आणि मागणी सहा महिने आधी नोंदवावी. मेअखेरीस ट्रक पाठवला तर उरलंसुरलं मिळतं. उरलेलं म्हणजे दोन-दोन वर्षं चार बोटं रुंदीच्या पिशवीत कोंडलेलं रोप. वरून ते उंच, तजेलदार दिसतं. पिशवी फाडली की तळाशी मूळ शेवयांसारखं गोल गुंडाळलेलं असतं. ते तसंच मातीत गेलं तर त्या वेटोळ्यातून बाहेर पडत नाही. पाच वर्षांनी वादळात झाड बुंध्यासकट उपटतं आणि लोक वाऱ्याला दोष देतात. निवडताना उंची पाहू नका. पेन्सिलीएवढी जाडी, निरोगी पान, आणि वरची जात खालच्या रोपाला जिथे बांधली तो, हलवला तरी न हलणारा जोड पाहा.

लावतानाच्या चुका त्याच त्या आहेत. पिशवी न काढता लावणं, हे अजूनही होतं. वेटोळी मुळं न कापणं. आणि सगळ्यात घातक, जोड मातीत गाडणं. कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर राहिलाच पाहिजे, नाहीतर तिथून कुजतं किंवा वरच्या जातीलाच मुळं फुटतात. बुंध्याशी माती टेकवून, दोन बाजूंना काठ्या रोवून सुतळीने इंग्रजी आठसारखा सैल फास द्यायचा. नायलॉनची दोरी बांधू नका, ती सालीत रुतते. पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर पसरायचा, पण खोडापासून चार बोटं लांब.

पाण्याचा हिशेब अर्ज घेतानाच तोंडावर सांगावा. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण ३५ आठवडे. आठवड्याला २० लिटर धरलं तरी एका झाडाला पहिल्या वर्षी ७०० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ज्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो तिथे पहिलं पाणी बंद होतं ते झाडाचं. यावर उपाय आहे: भांडी विसळलेलं, फार साबण नसलेलं पाणी, किंवा खोडापासून हातभर लांब पुरलेलं तळाला भोक पाडलेलं मडकं, त्यात कापडाची वात. मडकं आठवड्यातून दोनदा भरलं की भागतं. पण झाड कोणाच्या नावावर हे ठरलेलं हवं. 'सोसायटीचं झाड' हे कुणाचंच नसतं. 'बी विंगमधल्या अमक्यांचं लिंबू' असं म्हटलं की त्याला पाणी मिळतं. फळ कुणाचं, हेही त्याच वेळी सर्वसाधारण सभेच्या वहीत लिहून घ्यावं. हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या पंचवीस पेरूंवरून ग्रिलला कुलूप लावेपर्यंत मजल जाते.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: हजारातली शंभर जगली तरी शंभर तर झाली ना? बिघडलं काय? बिघडलं असं की ती शंभर कुठे जगली हे आपण निवडलं नाही. ती जगली ज्यांच्याकडे आधीच अंगण, माळी आणि पाणी होतं त्यांच्याकडे. नऊशे मेलेल्या रोपांनी नऊशे घरांना शिकवलं की 'आपल्याकडे झाड होत नाही'. असं एकदा मनात बसलं की दुसऱ्यांदा तो माणूस खड्डा खणत नाही.

काही जण अनामत घ्या म्हणतात: दोनशे रुपये ठेवा, पुढच्या वर्षी झाड दाखवून परत न्या. आम्हाला ते पटत नाही. ज्याला दोनशे रुपये जड नाहीत तो विसरून जातो, ज्याला जड आहेत तो रांगेतच येत नाही. साठ सेंटिमीटरचा खड्डा ही पुरेशी अनामत आहे, आणि ज्यांच्या हातून तो होणार नाही, म्हातारी माणसं, एकट्या बाया, त्यांचा पालिकेच्या माणसाने खणून द्यावा.

चाळीत आणि वस्तीत तर खड्ड्याला जमीनच नाही. त्यांना रोप देऊन परत पाठवणं ही थट्टा झाली. तिथे २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा कापून त्याचे दोन भाग, तळाला बोटभर जाडीची सहा-सात भोकं, खाली विटांचे तुकडे, मग माती, शेणखत आणि थोडा कोकोपीट. अर्ध्या ड्रमात लिंबू, अंजीर, डाळिंब व्यवस्थित येतं. फक्त ओली माती भरलेला असा अर्धा ड्रम दीडशे किलोच्या आसपास भरतो; तो पत्र्याच्या पोटमाळ्यावर किंवा गॅलरीच्या टोकाला नको, भिंतीलगत, विटांवर उचलून ठेवावा. सार्वजनिक नळाच्या कट्ट्याशेजारी सांडपाण्यावर एखादा शेवगा आणि पपई सहज जगते. पपई लावताना एका जागी तीन रोपं लावायची आणि फुलं आल्यावर नर उपटायचे.

मग येतो पुढचा जून. खरा कार्यक्रम तेव्हा करावा, मांडव हवाच असेल तर तेव्हा घालावा. प्रत्येक झाडापाशी जाऊन फक्त चार गोष्टी पाहायच्या. एक, कलमाची प्लॅस्टिक पट्टी काढली का; ती राहिली तर जोडापाशी खोड करकचतं आणि वरचा भाग कधीतरी मोडतो. दुसरी, जोडाखालून फूट आली आहे का. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या खालच्या रोपावर, बांधतात. खालची खिरणी जोमदार असते. तिची फूट राहिली तर वर्षा-दोन वर्षांत चिकू वाळून जातो आणि घरचे लोक अभिमानाने खिरणीला पाणी घालत राहतात. तिसरी, पहिल्या वर्षीचा मोहर किंवा फळ खुडलंय का. कमरेएवढ्या आंब्याला दोन कैऱ्या धरल्या की लोकांना काढवत नाहीत, आणि झाड तिथेच खुंटतं. चौथी, लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी. ती फुलपाखराची. दहा-बारा असतील तर हाताने वेचा, फवारा मारायची गरज नाही. ज्यांचं झाड उभं आहे त्यांना दोन घमेली खत आणि पुढच्या झाडाचा पहिला हक्क द्यावा. मेलं असेल तर कारण लिहून घ्यावं. अशा कारणांची दोन वर्षांची वही एखाद्या वॉर्डाकडे असली तर तिसऱ्या वर्षी काय मागवायचं हे सल्लागार न नेमता कळेल.

यंदाची रोपं आलीच असतील, फ्लेक्सही छापून झाला असेल, तर निदान एवढं करता येईल. ज्याचा खड्डा तयार आहे त्यालाच द्या. बाकीची परत पाठवू नका आणि कोंबूही नका. ती दहा बाय बारा इंचांच्या मोठ्या पिशवीत, वेटोळी मुळं कापून, माती-शेणखत घालून बदला आणि पालिकेच्या उद्यानातल्या नळाजवळच्या सावलीत वर्षभर ठेवा. नावं आत्ताच लिहून घ्या आणि प्रत्येकाला मापासाठी साठ सेंटिमीटरची एक काठी द्या.